बंद लाइनचा ताप

१

पीं-पीं-पीं.

थर्मामीटर वाजला, तेव्हा आमच्या घरात दोन दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी वाजलं. सोमवारपासून सासूबाईंनी रेडिओ लावला नव्हता, मी भांडी आपटली नव्हती. साडेपाच वर्षांची माझी लेक तापाने मुटकुळं करून पडली होती. घास गालात साठवून बसते म्हणून तिला आम्ही खारूताई म्हणतो.

पांघरुणात हात घालून मी थर्मामीटर काढला. चौतीस.

"उतरला गं बाई एकदाचा," सासूबाई म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं.

"खारूताई, कुठे लावला होतास हा?"

"बाहुलीला," ती डोळे न उघडता म्हणाली. "मला काखेत गार लागतं. तिला कुठे कळतंय."

मी एवढ्या जोरात ओरडले, की सासूबाई दचकल्या. "अक्कल आहे का तुला? मी औषध दिलंच नसतं आता!" आणि लगेच तिचं तोंड वाकडं झालेलं बघून तिला पोटाशी धरलं. पोर जळत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होते. ज्यांच्यावर ओरडायचं होतं त्यांच्यासमोर दोन दिवस मी "हो साहेब" म्हणत होते.

थर्मामीटर पुन्हा लावला, तिचा दंड धरून बसले. एकोणचाळीस. औषध पाजलं.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीन बघून मी बाहेर जायला उठले.

"आई," खारूताई पुटपुटली, "ते पीं-पींवाले काका आहेत का?"

तापात बरळते आहे, असं मला वाटलं.

फोनवर आमच्या कारखान्याच्या मेंटेनन्सचे साहेब होते. "मॅडम, उद्या चार वाजता चौकशी. एक नंबर लाइनचा सेन्सर तुमच्या टेबलावर पाठवलाय. तपासा आणि 'ठीक आहे' असा दाखला द्या. बस, एवढंच."

"आणि ठीक नसला तर?"

"ठीकच आहे. मी बघितलाय." मग आवाजात साय आणून म्हणाले, "तुमचा भाऊ आहे, मला वाईट वाटतं. पण तो खोटं बोलतोय. तुमच्या सहीनेच ते सिद्ध होणार, त्याला मी काय करू?"

२

आमचा साबणाचा कारखाना. साबणाला कॉस्टिक लागतं, म्हणजे कातडी जाळणारा सोड्याचा द्राव. थंडीत ते पाइपमध्येच गोठतं, म्हणून पाइपवर विजेची हीटिंग केबल बांधतात आणि वरून ऊब धरून ठेवणारं जाड लॅगिंग गुंडाळतात. हे कॉस्टिक तीस अंशांवर ठेवायचं. पंधराच्या खाली गेलं की पाइप तुंबतो, साठच्या वर गेलं की जोडांमधलं रबरी पॅकिंग शिजायला लागतं.

केबलला कुठे थांबायचं ते कळत नाही. ते तिला कुणीतरी सांगावं लागतं. हवा बघून चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट असतो, पण त्याला पाइपच्या आत काय चाललंय याचा पत्ता नसतो. गरम होईल तशी आपोआप मंदावणारी केबल असते. आणि आमच्याकडे आहे ती पद्धत म्हणजे पाइपलाच सेन्सर बांधायचा. तो पॅनेलला आकडा सांगतो, पॅनेल केबलला थांबवतं. ही सगळ्यांत भरवशाची पद्धत, पण सेन्सर योग्य पाइपला बांधलेला असेल तरच.

हे सेन्सर खरं बोलतात की नाही, ते तपासणं माझं काम. आठ वर्षं झाली.

माझा दादा त्याच कारखान्यात लाइन चालवतो. सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी त्याने पंप चालू केला आणि एक नंबर लाइनच्या जोडातलं पॅकिंग फाटलं. कढत कॉस्टिक त्याच्या तोंडावर आलं.

सगळ्या चौकशीचं घोडं एका आकड्यावर अडलं होतं. दादा दवाखान्यात पट्ट्यांमधून सांगत होता, "नऊला मी पॅनेल बघितलं. एक नंबरवर अकरा अंश होते. आठवडाभर तसंच दाखवत होतं. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, सेन्सर गार जागी बसलाय, तो अकराच दाखवणार, तू चालव."

आणि साहेबांनी साडेदहाला काढलेला फोटो दाखवत होता, की पाइप चौऱ्याण्णव अंशांवर आणि पॅनेलचं बटण तीसऐवजी शंभरवर. साहेबांचा हिशेब सरळ होता. दादाने शनिवारी जाताना बटण शंभरवर नेलं, सोमवारी लाइन झटपट सुरू व्हावी म्हणून. रविवारभर पाइप शिजला. आता कातडी वाचवायला अकराची गोष्ट रचतोय. थांबलेला पाइप दीड तासात अकरावरून चौऱ्याण्णववर जाऊच शकत नाही, आणि हे खरं होतं. मी स्वतः हेच म्हटलं असतं.

गुरुवारी सकाळी सेन्सर माझ्या टेबलावर होता. बर्फाच्या पाण्यात बुडवला, शून्य. उकळत्या पाण्यात, शंभर. मधल्या पाच आकड्यांवर एका अंशाचाही फरक नाही.

सेन्सर खरा होता. म्हणजे माझा भाऊ खोटा.

मी पेन उचलला नाही. कारण दादा लहानपणापासून खोटं बोलला की कान खाजवतो, आणि परवा हे सांगताना त्याचे दोन्ही हात चादरीवर स्वस्थ पडले होते.

३

आधी मी ठेकेदाराला गाठलं. दीड महिन्यापूर्वी जुने थर्मोस्टॅट काढून नवीन पॅनेल यानेच बसवलं होतं. गेटबाहेर गाडीला टेकून फोनवर हसत उभा होता.

"माझं काम पास झालंय मॅडम. साहेबांची सही आहे."

"केबल कुठली घातलीत? ड्रॉइंगवर तर आपोआप मंदावणारी होती."

त्याचं हसू अर्धं झालं. "साहेब म्हणाले साधी घाला, पॅनेल आहेच बघायला. मी कशाला वाद घालू?"

"आणि सेन्सरच्या वायरी? कुठली कुठल्या पाइपची, ते जोडताना तपासलंत?"

"दोन पाइप, दोन सेन्सर. यात काय तपासायचं?" तो चिडला. "अहो, तेव्हा दोन्ही लाइनी चालू होत्या, दोन्हीकडे तीसच्या आसपास आकडा येत होता. आलं ना बरोबर? मग? सोमवारी तर मी बारापर्यंत इथे नव्हतोच. वही बघा गेटवरची."

वही बघितली. खरंच बाराला आला होता.

मग वायरमन. सगळे त्याला पक्कडकाका म्हणतात, कारण मागच्या खिशात पक्कड नाही असा तो कुणी पाहिलेला नाही. वर्कशॉपच्या पायरीवर बसून तो कोरडी पोळी चावत होता. शर्टाच्या बाह्यांना चाळणीसारखी भोकं पडलेली.

"काका, सोमवारी तुम्ही कुठे होता?"

"तुझ्या भावाच्या डोळ्यांवर पाणी ओतत होतो. आणि कुठे असणार?" तो उसळला. "पंधरा मिनिटं नळाखाली धरला पोराला. मग गाडीत त्याच्या शेजारी बसलो. दवाखान्यातून परत यायला दुपार झाली. साहेब? साहेब आले, बघितलं, नाकाला रुमाल लावला, आणि म्हणाले, सगळे बाहेर व्हा, कुणी आत यायचं नाही. मग आत ते एकटेच."

"एकटे किती वेळ?"

"ते मी कसं सांगू, मी गाडीत होतो. तू पोलीस झालीस काय गं?" मग पोळी डब्यात टाकून हळूच म्हणाला, "बारके, वर जाऊन बघ. मला शिडीवर चढायची बंदी केलीय. वायरमनला शिडीची बंदी! अशी गंमत ऐकली होतीस कधी?"

मी शिडी लावली. दोन्ही पाइप डोक्यावरून शेजारी शेजारी जातात. एक नंबर, सोमवारपर्यंत चालू असलेली, आणि दोन नंबर, जी गेल्याच्या गेल्या शुक्रवारी रिकामी करून बंद केलेली. तिच्या केबलचा ब्रेकरही खाली पाडून लाल पट्टी लावलेली. दोन्ही सेन्सरच्या वायरी ज्या जंक्शन बॉक्समध्ये येतात, तो फुटलेल्या जोडाच्या बरोब्बर वर.

बॉक्सच्या झाकणावर वाळलेल्या कॉस्टिकचा पांढरा पापुद्रा होता. सगळीकडे. फक्त चारही स्क्रूंच्या भोवती तो पुसला गेला होता, आणि कडेला तीन बोटांचे स्वच्छ ठसे होते. एक अंगठा, दोन बोटं.

म्हणजे अपघात झाल्यानंतर, कॉस्टिक ओलं असताना, कुणीतरी हा बॉक्स उघडला होता.

४

साहेबांच्या खोलीत हीटर लावलेला होता. बाहेर माणसं कुडकुडत होती आणि इथे खुर्चीच्या पाठीवर कोट टांगलेला.

"झाली सही?" त्यांनी विचारलं.

"एक विचारायचं होतं. सोमवारी सकाळी दादाने तुम्हाला फोन केला होता?"

"केला असेल. दिवसाला चाळीस येतात."

"अकरा दाखवतंय म्हणाला?"

"मॅडम," ते खुर्चीत मागे रेलले, "घाबरलेला माणूस काहीही आठवतो. एक नंबरची मागची नोंद असती तर मी तुमच्या तोंडावर टाकली असती. पण सोमवारी पॅनेलची वीज गेली आणि नोंद पुसली गेली. दुर्दैव."

ते कागदावर सही करायला लागले, आणि पेन त्यांच्या हातात शाळेतल्या पोरासारखं वेडंवाकडं फिरलं. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिकटपट्टीचं प्लास्टर होतं.

"काय लागलं, साहेब?"

"चहा सांडला." त्यांनी हात टेबलाखाली घेतला. "चार वाजता दाखला हवा. नाहीतर मी लिहीन, की बहिणीने भावासाठी काम अडवलं."

बाहेर आल्यावर माझी कानशिलं तडतडत होती. आठ वर्षं मी या माणसासमोर खाली मान घालून आकडे ठेवले होते. दादाच्या डोळ्यांची पट्टी अजून सुटायची होती, आणि हा नोंद गेल्याचं दुर्दैव सांगत होता.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. खारूताईला माझ्याशी बोलायचं होतं.

"आई, आता माझ्याच काखेत लावला. आजीने धरून ठेवला. सदतीस आणि एक टिंब आणि आठ."

"शहाणी गं माझी."

"बाहुलीचा कालचा आकडा खोटा नव्हता पण," ती म्हणाली. "तिचा तो खराच होता. तूच तो माझा म्हणून वाचलास."

मी जिन्यातच थांबले.

दादाचं अकरा खरं. साहेबांचं चौऱ्याण्णव खरं. सेन्सर तर खराच. सगळे खरं बोलत होते. फक्त अकरा हा आकडा होता कुणाचा, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एक नंबरची नोंद पुसलेली होती. पण मेलेल्या, रिकाम्या, ब्रेकर पाडलेल्या दोन नंबर लाइनची नोंद पुसायचं कुणाला सुचलं असेल?

मी पॅनेलकडे धावले.

५

नोंद जशीच्या तशी होती.

मी कागद काढला आणि जमिनीवर पसरून बसले. दोन नंबर लाइन शुक्रवारी बंद झालेली, हवेइतकी गार, अकरा-बारा अंशांची. आणि नोंद म्हणत होती, की पहिल्या रविवारी तिला ताप चढला. चाळीस, साठ, ब्याऐंशी, एक्याण्णव. सोमवारी एक नंबरमधून कॉस्टिक वाहायला लागलं आणि दोन नंबरचा ताप उतरला. पुढच्या रविवारी पुन्हा चढला. अपघाताच्या सोमवारी सकाळी शहाण्णव.

रिकाम्या पाइपला ताप, आणि तोही सुट्टीच्या दिवशी.

तो तिचा नव्हताच. ठेकेदाराने वायरी उलट जोडल्या होत्या. दोन्ही लाइनी चालू होत्या तोवर दोन्हीकडे तीस, म्हणून कुणाला कळलं नाही. दोन नंबर बंद पडली, गार झाली, आणि एक नंबरचं पॅनेल तिचा अकराचा आकडा वाचून आपल्या केबलला सांगत राहिलं, अजून तापव, अजून तापव. बाहुलीचा आकडा वाचून पोरीवर पांघरुणं टाकत राहावं तसं. रोज वाहतं कॉस्टिक ती उष्णता घेऊन जात होतं. रविवारी वाहणं थांबलं की पाइप शिजत होता. एका रविवारी पॅकिंग तगलं. दुसऱ्या रविवारी संपलं.

आणि मग ती ओळ. सोमवार, नऊ सत्तेचाळीस, दोन नंबर शहाण्णव. नऊ अठ्ठेचाळीस, दोन नंबर अकरा.

कुठलाही पाइप एका मिनिटात पंच्याऐंशी अंश गार होत नाही. त्या मिनिटाला कुणीतरी शिडीवर चढून वायरी सरळ केल्या होत्या. ठेकेदार बाराला आला. पक्कडकाका दादाबरोबर गाडीत. आत एकच माणूस होता. त्याने वायरी बदलल्या, बटण शंभरवर नेलं, एक नंबरची नोंद पुसली आणि साडेदहाला फोटो काढला. ओल्या कॉस्टिकमध्ये तीन बोटं भाजून घेतली, आणि चहा सांडला.

मी हसले. रागाने माणूस हसतो, तसं.

पण एक गोष्ट राहिली होती. साठच्या वर गेलं की पॅनेलचा अलार्म वाजतो. मग दोन रविवार तो गप्प का? मी नोंदीचं शेवटचं पान उघडलं. अलार्मच्या मर्यादेत बदल, साठवरून दीडशे. पहिला रविवार, अकरा वाजून वीस मिनिटं. वापरलेला कोड, क्रमांक तीन.

मर्यादा बदलायचे कोड तिघांकडे असतात. एक साहेबांचा, तोही कार्यालयाच्या तिजोरीत. दोन ठेकेदाराचा.

तीन माझा.

त्या रविवारी मी खारूताईला आंघोळ घालून कमरेवर घेतलं होतं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं, ती रडत होती, गॅसवर दूध चढलं होतं. फोन वाजला. पलीकडे अलार्म ओरडत होता, पीं-पीं-पीं-पीं. साहेब म्हणाले, "मॅडम, दोन नंबर बंद आहे तरी बोंबलतोय. चौकीदाराचं डोकं उठलंय. माझा कोड तिजोरीत. तुमचा द्या."

मी विचारलं नाही, बंद लाइन गरम का. मी म्हणाले, "बंदच आहे ना ती? मग बंद करून टाका अलार्म," आणि चार आकडे सांगितले. दूध उतू गेलं नाही, एवढ्या वेळेत मी फोन ठेवला.

"वाचलात?" मागून आवाज आला.

साहेब दारात उभे होते.

६

"तो कागद बाहेर काढलात," ते शांतपणे म्हणाले, "तर पहिलं नाव तुमचं येणार. माझा कोड कुठेच नाही. भाऊ तर गेलाच, तुम्ही घरी. पोर लहान आहे. विचार करा."

"तुम्हाला कधी कळलं होतं, साहेब?" मी विचारलं. "वायरी उलट आहेत, हे?"

"मला कशाला कळतंय?"

"सेन्सर बिघडला असं वाटलं असतं, तर तो काढून माझ्या टेबलावर पाठवला असता. या कारखान्यातला प्रत्येक बिघडलेला सेन्सर माझ्याकडे येतो. हा त्या आठवड्यात आला नाही. कारण तो ठीक आहे हे तुम्हाला माहीत होतं. त्याच रविवारी कळलं होतं."

ते खांदे उडवून म्हणाले, "बॉक्स उघडायचा तर लाइन अर्धा दिवस थांबवावी लागते. महिनाअखेर बघणार होतो. कुणाला माहीत होतं पॅकिंग एवढं कच्चं निघेल."

अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसासाठी माझ्या दादाचे डोळे. मला वाटलं, हातातली कागदाची गुंडाळी त्यांच्या तोंडावर मारावी. मारली नाही. ती घेऊन त्यांच्या बाजूने वाट काढून चौकशीच्या खोलीत गेले.

चौकशी अधिकारी वयस्कर होते. चष्मा दोरीने गळ्यात, समोर पेन्सिलींची रांग. चार वाजले होते. ठेकेदार भिंतीला टेकून, पक्कडकाका दाराशी.

"दाखला आणलात?"

"आणलाय. सेन्सर ठीक आहे," मी म्हणाले आणि मागून आत आलेल्या साहेबांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "आणि माझा भाऊही खरं बोलतोय. दोन्ही एकदम खरं कसं, ते सांगते."

मी जमिनीवर पसरला होता तसाच कागद टेबलावर पसरला. रिकाम्या पाइपचा ताप दाखवला. नऊ सत्तेचाळीस दाखवलं. ठेकेदार मध्येच म्हणाला, "अहो, पण दोन्हीकडे तीस येत होतं..." आणि स्वतःचंच वाक्य ऐकून गप्प झाला.

"वर चढून बघा," मी म्हणाले. "झाकणावर तीन बोटं आहेत. आणि साहेबांना प्लास्टर काढायला सांगा. चहाने फोड येतात. कॉस्टिकने कातडी साबणासारखी बुळबुळीत, पांढरी होते. आपण साबणच करतो इथे, सगळ्यांना ओळखता येईल."

"हा निव्वळ कांगावा आहे!" साहेब गरजले. "अलार्म कुणी बंद केला ते विचारा हिला! कोड कुणाचा आहे ते विचारा!"

पक्कडकाका माझ्याकडे बघत होता.

"माझा," मी म्हणाले. "तीन नंबर. साहेबांनी फोनवर मागितला, मी दिला. बंद लाइन का तापते, हे विचारायला हवं होतं. ते माझंच काम होतं. मी विचारलं नाही. लिहून घ्या."

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लिहून घेतलं. सगळं, शब्द न शब्द. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "हात वर घ्या टेबलावर."

साहेबांनी घेतला नाही. पक्कडकाका दोन पावलं पुढे आला. हाताला हात लावला नाही, फक्त जवळ उभा राहिला, भोकं पडलेल्या बाह्यांनी.

"घ्या ना, साहेब," तो म्हणाला. "पोराच्या डोळ्यांवर पाणी ओतताना माझीही बोटं भाजली. बघू तरी, तुमची आणि माझी सारखी आहेत का."

प्लास्टर निघालं. बोटं सारखीच होती.

७

साहेबांना त्या संध्याकाळी गेटवर अडवून पोलिसांकडे सोपवलं. दादाच्या नावावरचा ठपका कागदावर खोडला गेला. मला लेखी ताकीद मिळाली आणि पॅनेलचा कोड काढून घेतला. मी म्हटलं, बरोबर केलंत.

रविवारी खारूताईचा ताप पूर्ण गेला, तेव्हा तिला घेऊन दवाखान्यात गेले. तिने बाहुली बरोबर घेतली होती, मामाला एकटं वाटू नये म्हणून.

दादा उशीला टेकून बसला होता. डोळ्यांवर अजून जाड पट्टी. उजवा वाचेल, डावा नाही, असं डॉक्टर मला बाहेर म्हणाले होते. त्याला अजून सांगितलं नव्हतं.

"बारके," माझ्या चपलेचा आवाज ओळखून तो म्हणाला, "पक्कडकाका येऊन सांगून गेला. म्हणाला, तुझ्या बहिणीने साहेबाचं पार पाणी पाणी केलं. सगळं सांगितलं त्याने."

"सगळं?"

"हो मग! बोटांचं, शिडीचं." तो हसला. ओठ भाजलेला होता, म्हणून हसू एकाच बाजूला गेलं. "मला वाटलं होतं, बारकी सही करणार. सेन्सर ठीक असला की तू सही करतेस, मला माहीत आहे. पण तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तू होतीस म्हणून, नाहीतर आयुष्यभर लोक म्हणाले असते, स्वतःच्या हाताने डोळे घालवले."

मी तोंड उघडलं. पक्कडकाकाने ते एक सोडून सगळं सांगितलं होतं. मायेने गाळलं असणार. ती माया मला चटका देऊन गेली.

"दादा, तुला काहीतरी..."

"जरा पडतो गं. औषधाने गुंगी येते." त्याने माझा हात धरून छातीवर ठेवला. "जाऊ नको."

हळूहळू त्याचा श्वास एकसारखा झाला. खारूताईने बाहुली त्याच्या काखेत नीट बसवली, पांघरूण ओढलं. ती पलंगाच्या कडेला हनुवटी टेकून कितीतरी वेळ त्याच्या पट्टीकडे बघत राहिली. डोळ्यांवर पट्टी असली की माणूस झोपलाय की जागा आहे, ते कळत नाही. हात मात्र त्याने सोडला नव्हता.

"आई," ती म्हणाली. कुजबुजायचं तिला अजून जमत नाही.

"शू. मामा झोपलाय."

"त्या दिवशी पीं-पींवाल्या काकांना 'बंद करून टाका' तूच म्हणालीस ना? मला घेतलं होतंस तेव्हा." दादाची बोटं माझ्या हातावर होती. "ते मामाला माहितीये?"